फ्लॉपीत उरलेला डावा हात

माझ्या दुकानाच्या पाटीवर इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, टीव्ही या सगळ्यांच्या खाली ‘फ्लॉपी ड्राइव्ह बदलून मिळेल’ अशी एक ओळ आहे. वाचणाऱ्याला वाटतं, पाटी जुनी आहे, बाईला रंगवून घ्यायला सवड मिळाली नसेल. खरं उलटं आहे. बाकीची पाटी जुनी, ती ओळ नवी. कॉम्प्युटर दुरुस्त करणारे फ्लॉपीचं नाव काढलं की हात वर करू लागले, तेव्हा मी ती मुद्दाम लिहून घेतली.

मी भंडाऱ्याची. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं तेव्हा वर्गात मुली नावालाच होत्या. पुढे एका टीव्हीच्या दुकानात काम शिकले आणि मग स्वतःचं दुकान टाकलं. इतकी वर्षं झाली तरी नवं गिऱ्हाईक आत येऊन विचारतं, “मिस्त्री कोठी गेले?” मी म्हणते, “मीच.” तरी ते माझ्या खांद्यावरून मागच्या दाराकडे एकदा पाहून घेतंच.

फ्लॉपी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. तळहाताएवढी चौकोनी, प्लास्टिकची चपटी डबी. तिच्या आत एक पातळ गोल चकती. कॅसेटच्या फितीवर गाणं भरतात तसं या चकतीवर कॉम्प्युटरचं काम भरायचं. कॉम्प्युटरमधून ती केव्हाच हद्दपार झाली, पण त्या काळात घेतलेली मोठी मशीनं अजून चालू आहेत. कपड्यावर भरतकाम करणारं मशीन, राईस मिलचे सुटे भाग कापणारी लेथ अशी. मशीन धडधाकट असतं, फक्त त्याला जेवण भरवायचं तोंड म्हणजे ही फ्लॉपीची फट, तिलाच ड्राइव्ह म्हणतात. ते तोंड बिघडलं की सगळं मशीन उपाशी. तोंडासाठी अख्खं मशीन कोण फेकणार?

त्यावर आता एक सोय निघाली आहे. जुन्या ड्राइव्हच्याच मापाची एक डबी येते. त्याच खाचेत बसते, तीच केबल लागते. समोर फ्लॉपीच्या फटीऐवजी पेनड्राइव्हची जागा आणि बाजूला एक बटण. पेनड्राइव्हचे कप्पे पाडायचे, एकेका कप्प्यात एकेका फ्लॉपीचं सामान ठेवायचं. बटण दाबलं की कप्पा बदलतो. मशीनला मात्र शेवटपर्यंत वाटत राहतं की आपण फ्लॉपीच वाचतो आहोत. धंद्यात तिला इम्युलेटर म्हणतात. मी गिऱ्हाइकाला ‘फ्लॉपीचं सोंग घेणारी डबी’ म्हणून सांगते. आमची झाडीपट्टी म्हणजे नाटकांचा मुलूख, इथे सोंग म्हणजे काय हे कोणाला समजवावं लागत नाही.

डबी बसवणं सोपं. खरं काम असतं ते जुन्या फ्लॉप्यांमधलं सामान जिवंत बाहेर काढण्याचं. कारण लोक फ्लॉप्या कशा ठेवतात ते विचारू नका. मोहाडीला भरतकामाचं मशीन चालवणारा एक भला माणूस आहे. दमटपणाने फ्लॉपीला बुरशी लागते, असं त्याला कोणीतरी सांगितलं. त्याने सगळ्या फ्लॉप्या फ्रीजमध्ये ठेवल्या, दह्याच्या भांड्याशेजारी. लाइट जायची, यायची, आणि दर वेळी फ्लॉपीत पाणी धरायचं. माझ्याकडे आला तेव्हा आपली बाजू मांडत म्हणतो, “ताई, फ्रीज तर नवा होता.” साड्यांवरचा मोर त्यात कायमचा गेला. शाळेच्या गणवेशावरचे बिल्ले मात्र निघाले. “मोर गेला तर गेला,” तो म्हणाला, “शाळा वाचली.”

अशी हसण्यासारखी कामं पुष्कळ. पण एका कामाच्या वेळी माझ्या हाताला खरोखर घाम फुटला होता. ते देवाजी मास्तरांचं.

दिवाळी झाली, धानाची कापणी अर्ध्यावर आली, की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि नाटकांचा हंगाम लागतो. शेतात मंडप पडतो, नाटक कंपनी गाडी भरून येते, आणि अख्खं गाव पाहुण्यारावळ्यांसकट नाटकाला बसतं. त्या हंगामात एका सकाळी दुकानापुढे ऑटो थांबला. साठीच्या पुढचं एक जोडपं उतरलं. बाईंनी आणि ऑटोवाल्याने चादरीत गुंडाळलेली एक लांबट वस्तू दोन्हीकडून धरून आत आणली.

“हळू जी, हळू,” बाई ऑटोवाल्याला सांगत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. “मिस्त्री कोठी आहेत?”

“मीच आहे. बसा.”

त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं नाही. “बरं झालं बाप्पा,” म्हणाल्या. “बाई असली का पुरतं ऐकून तरी घेते.”

त्या इंदूबाई. आणि मागून एक पाय जरा ओढत आले ते त्यांचे यजमान, साकोलीजवळच्या सानगडीचे देवाजी कापगते. घरची धानाची शेती, पण आयुष्य नाटक कंपनीत ऑर्गन वाजवण्यात गेलेलं. आमच्याकडे कीबोर्डला ऑर्गनच म्हणतात. चादर सोडली तर आत जुना, मोठा, वजनदार कीबोर्ड निघाला. उजव्या अंगाला फ्लॉपीची फट.

“कालपासून फ्लॉपी घेऊन नाही राहिला,” मास्तर म्हणाले. “आत टाकली का नुसता घरघर करते. उद्या करडीले नाटक आहे.”

मी सहज विचारलं, “मास्तर, गाणी तर तुम्हाला पाठ असतील. एक दिवस फ्लॉपीशिवाय नाही भागणार का?”

 इंदूबाईंनी मास्तरांच्या मांडीवरचा डावा हात मनगटाला धरून उचलला आणि माझ्या काउंटरवर ठेवला. एखादं बिघडलेलं सामान दाखवायला ठेवावं तसा. बोटं आत वळलेली. त्यांनी हात सोडला तरी तो तसाच पडून राहिला.

“लकवा मारला होता,” त्या म्हणाल्या. “पाय आला. हात नाही आला.”

मग मास्तरांनीच सगळं सांगितलं. हात चांगला होता तेव्हा त्यांनी हौस म्हणून कंपनीच्या सगळ्या गाण्यांची डाव्या हाताची बाजू या मशीनमध्ये वाजवून फ्लॉप्यांवर भरून ठेवली होती. खालचे सूर, पाठीमागची भरणी, सगळं. लकवा मारल्यावर तीच हौस कामी आली. फ्लॉपी लावायची, मशीन डावा हात वाजवतं, आणि त्यावर मास्तर उजव्या हाताने जिवंत वाजवतात. समोर बसलेल्या गावाला पत्ताही लागत नाही.

“त्या फ्लॉप्यात माझा डावा हात आहे जी,” मास्तर म्हणाले. त्यांनी ते अगदी साधेपणाने सांगितलं, आपलं गाव सांगावं तसं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कंपनीचे मालक, बन्सीभाऊ. मास्तरांनी फोन माझ्या हातात दिला.

“ताई, खरं सांगा, होते का नाही होत?” पलीकडून आवाज आला. “नाही होत असन तर मी नागपूरचा पोट्टा बोलावतो. त्याच्याकडं नवीन ऑर्गन आहे. मास्तरले तोडाचं नाही मले, पण उद्या गावापुढं नाटक उभं कराचं आहे. दुपारपर्यंत सांगाच.”

त्यांचंही चुकीचं नव्हतं. पण एकदा नागपूरचा मुलगा येऊन बसला की पुढच्या नाटकालाही तोच बसणार, हे त्या दोघांना कळत होतं आणि आता मलाही कळलं.

मी मशीन उघडलं. ड्राइव्हमध्ये चकती फिरवणारा एक रबरी पट्टा असतो. तो वितळून काळ्या राबडीसारखा सगळीकडे चिकटला होता. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, रोग साधा आहे. हा ड्राइव्ह काढायचा, डबी बसवायची. त्याआधी फ्लॉप्या वाचून घ्यायच्या. त्यासाठी मी एक जुना कॉम्प्युटर सांभाळून ठेवला आहे. त्याचा फ्लॉपी ड्राइव्ह अजून ठणठणीत आहे.

पहिली फ्लॉपी घातली. वाचता येत नाही. दुसरी घातली. नाही. डब्यातल्या सगळ्या एकेक करून घातल्या. एकही नाही.

इंदूबाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. दवाखान्यात नर्सच्या तोंडाकडे पाहतात तसं.

मी फ्लॉप्यांच्या पत्र्याच्या झडपा सरकवून चकत्या उजेडात धरून पाहिल्या. बुरशी नाही, डाग नाही. मास्तरांनी त्या पत्र्याच्या डब्यात, सुती फडक्यात जपल्या होत्या. मग सगळ्या एकाच वेळी कशा मेल्या? अख्खं गाव एकाच दिवशी आजारी पडलं तर माणसांत नाही, विहिरीत दोष शोधावा. मी विचारलं, “मास्तर, हे मशीन कधी पडलं होतं का?”

“पडलं नाही. पण कंपनीच्या गाडीत फिरते ना. या गावचा रस्ता, त्या गावचा रस्ता. रोजच आपटते.”

तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. ड्राइव्हमध्ये चकतीवर लिहिणारा-वाचणारा एक बारीकसा भाग असतो, हेड म्हणतात त्याला. धक्के खाऊन खाऊन ते आपल्या जागेवरून केसभर सरकलं असणार. सरकलं ते आजकालचं नाही. मास्तरांनी गाणी भरली तेव्हाही ते वाकडंच होतं. म्हणून त्या फ्लॉप्या वाकड्या अक्षरात लिहिल्या गेल्या, आणि ते अक्षर त्याच वाकड्या ड्राइव्हला वाचता येत होतं. डॉक्टरची चिठ्ठी जशी फक्त शेजारच्या मेडिकलवाल्यालाच कळते. माझा ठणठणीत ड्राइव्ह तिथे निरक्षर होता. जो एकटा वाचू शकत होता, तो माझ्या टेबलावर पट्टा वितळून पडला होता.

म्हणजे ज्याला भंगारात टाकायला मी निघाले होते, त्यालाच आधी उठवायचं. आणि उठवताना सरळ करायचं नाही. कोणताही मिस्त्री वाकडं दिसलं की सरळ करतो, हातालाच ती सवय असते. इथे एक स्क्रू जरी नीट पिळला असता तरी मास्तरांचा हात कायमचा गेला असता.

मी दोघांना हे समजावून सांगितलं. मास्तरांनी मान हलवली. इंदूबाई म्हणाल्या, “म्हणजे बरं कराचं, पण सुधराचं नाही.”

“हाव,” मी म्हटलं. “अगदी तसंच.”

आजवर काढलेले सगळे जुने ड्राइव्ह मी एका पोत्यात भरून ठेवले आहेत. घरचे त्यावरून मला हसतात. ते पोतं खाली रिकामं केलं. एकाचा पट्टा मोठा, एकाचा हात लावताच तुटला. एक जवळपासच्या मापाचा निघाला, थोडा सैल. स्पिरिट आणि कापसाच्या काड्या घेऊन ती काळी राबडी साफ केली, हेडच्या स्क्रूपासून बोटं लांब ठेवत. पट्टा चढवला. ड्राइव्ह केबलने माझ्या कॉम्प्युटरला जोडला आणि पहिली फ्लॉपी घातली.

घर्र. कट्. घर्र. कट्. मग काहीच नाही. मग पुन्हा घर्र.

“चालू द्या,” मास्तर डोळे मिटून म्हणाले. “त्याचा असाच आवाज असते. आता पुढं सरकन.”

आणि सरकला. पडद्यावर आकडे वाढू लागले. थांबायचे, मागे घुटमळायचे, पुन्हा पुढे जायचे. पहिली फ्लॉपी पूर्ण उतरली. मी ती लगेच दुसऱ्या जागीही उतरवून ठेवली. माझा त्या सैल पट्ट्यावर भरवसा नव्हता. मग दुसरी. मग पुढची. बन्सीभाऊंचा पुन्हा फोन आला. मी स्पीकरवर घेऊन म्हटलं, “होऊन राहिलं आहे,” आणि ठेवून दिला. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना इंदूबाईच परस्पर सांगत होत्या, “उद्या या जी, आज ताईले हात मोकळा नाही.”

एका फ्लॉपीवर मात्र ड्राइव्ह अडकला. आवाज बदलला, खरवडल्यासारखा. मी झटकन थांबवून फ्लॉपी बाहेर काढली. चकतीवर गोल ओरखडा पडला होता. पुन्हा घातली असती तर कदाचित आणखी थोडं निघालं असतं. कदाचित हेडच घाण होऊन पुढच्या सगळ्या फ्लॉप्या अडकल्या असत्या.

“हिच्यात काय आहे?” मी विचारलं.

मास्तरांनी वरचं लेबल पाहिलं. “करुण प्रसंगाचं. बाप पोरीले निरोप देते, तेव्हाचं.”

“मास्तर, हिच्या मागे लागले तर बाकीच्या धोक्यात येतील.”

“मंग राहू द्या,” ते म्हणाले. “बाकीचं वाचवा.”

इंदूबाई उठून रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी पुढची फ्लॉपी घातली. उरलेल्या सगळ्या निघाल्या. ती एक सोडून.

सगळं पेनड्राइव्हच्या कप्प्यांत भरलं, नवी डबी कीबोर्डमध्ये बसवली, चालू केलं. कीबोर्डच्या छोट्या पडद्यावर आलं, ‘फ्लॉपी नाही’.  पण हा रोग मी आधी पाहिला होता. जुनी मशीनं ड्राइव्हला विचारतात, तयार आहेस का? नव्या डबीने त्याचं उत्तर त्यांच्या सवयीच्या तारेवरून द्यावं लागतं. डबीच्या पाठीवर एवढीशी टोपी असते, ती एका पिनेवरून काढून दुसरीवर घातली. पुन्हा चालू केलं. पडद्यावर गाण्यांची नावं उमटली.

“मास्तर, या.”

मास्तर समोर बसले. उजव्या हाताने बटण दाबलं. खालचे सूर सुरू झाले, भरदार, एका लयीत, मधेच एक छोटीशी मुरड घेणारे. मास्तरांनी लगेच वाजवलं नाही. डावा हात मांडीवर ठेवून ते नुसते ऐकत राहिले. दुसऱ्या ओळीला त्यांचा उजवा हात आत शिरला आणि दुकान भरून गेलं. शेजारचा टेलर मशीन थांबवून दारात आला. इंदूबाई माझ्या स्टुलावर मटकन बसल्या आणि पदराने तोंड पुसू लागल्या. मीही टेबलाला टेकले. सकाळपासून आपण उभ्याच आहोत, हे मला तेव्हा कळलं.

गाणं संपल्यावर इंदूबाईंनी हळूच विचारलं, “अन् तो निरोपाचा?”

मास्तरांनी साथ बंद केली आणि फक्त उजव्या हाताने ते सूर वाजवले. खाली काहीच नव्हतं. एकेक सूर एकटाच येत होता. खरं सांगते, सुरुवातीला मला ते फार रितं वाटलं आणि फ्लॉपी मधेच काढल्याचा पस्तावा झाला. इंदूबाई मात्र शेवटपर्यंत ऐकून म्हणाल्या, “हेच बरं आहे. पहिले तुम्ही लय भरत होते त्याच्यात. रडाले जागाच नव्हती.”

मास्तर हसले. आल्यापासून पहिल्यांदा. मग त्यांनी स्वतःच फोन लावला. “बन्सी, पोट्ट्याले नको बोलावू. मी येऊन राहिलो.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बसने करडीला गेले. कोणी बोलावलं नव्हतं, पण कंपनीच्या गाडीचे धक्के खाऊन माझी डबी सुटली तर, ही धास्ती होती. मंडपात पडदे चढत होते. डबी घट्ट होती, तरी मी दोन्ही बाजूंनी आणखी कसली. बन्सीभाऊंनी खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, “ताई, मले बी मास्तरच पायजे होते. नवीन पोट्टा वाजवते चांगला, पण नट अडकला का त्याले सांभाळून घेनं त्याले कोठी जमते?” संध्याकाळच्या बसने मी परत आले. सकाळी इंदूबाईंचा फोन येईपर्यंत माझं कशात लक्ष नव्हतं. “झालं जी ताई,” त्या म्हणाल्या. “कोठीच नाही अडकलं. निरोपाच्या वेळेस तर बाया धो धो रडल्या.”

होळी झाली, हंगाम संपला. एका दुपारी मास्तर एकटेच दुकानात आले. 

“काय बिघडलं, मास्तर?”

“बिघडलं नाही काही.” त्यांनी शर्टाच्या खिशातून पेनड्राइव्ह काढला. “याची एक कॉपी करून द्या. नवीन भरलं आहे.”

मी लावून पाहिलं. रिकाम्या कप्प्यांत नवी गाणी होती, पुढच्या वर्षीच्या नाटकाची. एक वाजवून पाहिलं. खाली डाव्या हाताची बाजू होती. जुन्यासारखी मुरडदार नाही, जरा जपून टाकलेली, पण पक्की.

“हा डावा कोणी वाजवला?”

“मीच. पहिले उजव्यानं डाव्याचं वाजवतो, भरून ठेवतो. मंग त्याच्यावर उजव्याचं.”

“मग हे आधी का नाही केलं, मास्तर?”

“भेव वाटे जी,” ते म्हणाले. “नवीन फ्लॉपी तं भेटत नाही. त्या फ्लॉपीवर नवीन भराले गेलो अन् जुनं पुसलं गेलं तं? म्हणून हातच नाही लावला कधी. आता तुमच्याकडं एक आहे, माझ्याकडं एक आहे, इंदूनं एक डाळीच्या डब्यात ठेवला आहे. आता कायचं भेव?”

मी कॉपी करून दिली, आणखी एक माझ्याकडे ठेवून घेतली. त्यांनी पेनड्राइव्ह खिशात टाकला, पायरी उतरले आणि परत वळले.

“याच्यात अजून जागा किती आहे जी?”

“तुम्ही थकाल मास्तर, पण तो नाही भरणार.”

“पाहू,” ते म्हणाले, आणि पाय ओढत, पण घाईघाईने, साकोलीच्या बसकडे निघाले.